जॉर्ज जेलिको: कमांडो, मुत्सद्दी, मंत्री – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या छापामार पलटणींवर काही लिहिलं की वाचकांच्या पत्रांत एक नाव हमखास येतं: जेलिको. कुणी त्यांना त्यांच्या वडिलांच्या जागी बसवतं, कुणी सोव्हिएत हेर किम फिल्बीच्या टोळीत, तर कुणाला फक्त अथेन्समधली सायकल आठवते. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीला दोन प्रश्न भिडतात तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे जॉर्ज जेलिको कोण? दोन ओळींत सांगता येईल का?

ब्रिटिश सरदार घराण्यातला माणूस. जन्म ४ एप्रिल १९१८, मृत्यू २२ फेब्रुवारी २००७. महायुद्धात एसएएस (स्पेशल एअर सर्व्हिस) आणि एसबीएस (स्पेशल बोट स्क्वॉड्रन) या छापामार दलांचे अधिकारी, १९४७ ते १९५८ परराष्ट्र सेवेत, पुढे हुजूर पक्षाचे मंत्री आणि त्यानंतर उद्योग व विज्ञान क्षेत्रांत मोठ्या पदांवर. यातल्या दोन नोकऱ्या त्यांना खासगी आयुष्यामुळे सोडाव्या लागल्या (प्र. १७ आणि २०). दोन ओळी कधीच संपल्या, पण हे आयुष्य तेवढ्यात मावणारं नाही.

२. जटलंडच्या लढाईतले ॲडमिरल जेलिको ते हेच का?

नाही, ते वडील. जॉन जेलिको ३१ मे १९१६ला जटलंडच्या समुद्रात ब्रिटिश ग्रँड फ्लीटचे सरसेनापती होते. एका दुपारीत अख्खं युद्ध हरू शकेल असा दोन्ही बाजूंचा एकमेव माणूस, असं चर्चिल यांनी त्यांच्याबद्दल म्हटलं होतं. १९१९मध्ये ते साम्राज्याच्या नौदल संरक्षणाचा अभ्यास करायला ‘न्यूझीलंड’ या युद्धनौकेवरून निघाले आणि वाटेत मुंबईतही उतरले. पुढे १९२० ते १९२४ ते न्यूझीलंडचे गव्हर्नर जनरल होते, त्यामुळे धाकट्या जॉर्जचं लहानपण तिकडे गेलं. जॉर्ज हा त्यांचा एकुलता मुलगा, मुलींच्या पाठीवर उशिरा झालेला. राजे पाचवे जॉर्ज त्याचे धर्मपिता. १९३५मध्ये वडील वारले आणि सतराव्या वर्षी मुलगा दुसरा अर्ल झाला.

एवढ्या मोठ्या आरमारी माणसाचा मुलगा आरमारात गेला नाही, याचं अनेकांना नवल वाटतं. तो गेला पायदळात, कोल्डस्ट्रीम गार्ड्समध्ये. पण लढला बहुतेक बेटांवर आणि मचव्यांतून.

३. अर्ल असण्याचा त्यांना युद्धात फायदा झाला का?

सुरुवातीला झाला. अर्ल म्हणजे वंशपरंपरेचा उमराव. त्या काळी या पदवीबरोबर हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा आपोआप मिळे, आणि जेलिको यांनी ती जुलै १९३९मध्ये घेतली. १९४०मध्ये कमांडो दलं उभी राहू लागली तेव्हा आठव्या कमांडोचे अधिकारी लंडनच्या क्लबांमधल्या ओळखींतून निवडले गेले. विन्चेस्टर शाळा, केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज आणि अर्लची पदवी असलेल्या मुलाला त्या खोलीत शिरायला अडचण आली नाही. चर्चिल यांचा मुलगा रँडॉल्फ आणि डेव्हिड स्टर्लिंग त्याच तुकडीत होते. वशिला मात्र इथपर्यंतच. जानेवारी १९४२मध्ये वाळवंटात त्यांना गोळी लागली, आणि गोळी पदवी विचारून लागत नाही.

४. ते एसएएसमध्ये कसे आले?

आठवी कमांडो १९४१च्या सुरुवातीला इजिप्तकडे निघाली. तिथल्या कमांडो तुकड्यांना मिळून ‘लेफोर्स’ म्हणत. काही महिन्यांत लेफोर्स मोडीत निघाली. स्टर्लिंग यांनी मात्र वरिष्ठांच्या गळी एक कल्पना उतरवली: मोठ्या फौजेऐवजी चार-पाच जणांची टोळी पाठवा, शत्रूची विमानं जमिनीवरच उडवा. त्यातून ‘एल डिटॅचमेंट’ जन्माला आली, म्हणजेच पहिली एसएएस.

जखम भरल्यावर १९४२च्या वसंतात जेलिको तिथे दाखल झाले. स्टर्लिंगना तेव्हा फ्रेंच येणारा अधिकारी हवाच होता, कारण द गॉल यांच्या ‘फ्री फ्रेंच’ दलातली एक छत्रीधारी तुकडी नुकतीच त्यांना येऊन मिळाली होती आणि तिच्याशी सूर जुळवणारं कुणी नव्हतं. म्हणजे या दलातलं त्यांचं पहिलं काम बंदुकीपेक्षा संभाषणाचं होतं. हे ध्यानात ठेवा, प्र. १२मध्ये लागेल.

५. हेराक्लिऑनच्या छाप्यात नेमकं काय झालं?

जून १९४२. माल्टा बेटाची उपासमार होत होती. तिथे रसद नेण्यासाठी दोन ताफे, एक पूर्वेकडून आणि एक पश्चिमेकडून, निघणार होते. क्रीट बेटावरच्या जर्मन विमानतळांवरून त्या ताफ्यांवर बाँब पडणार हे उघड होतं. म्हणून एकाच वेळी क्रीटच्या चार विमानतळांवर छापे ठरले.

हेराक्लिऑनच्या वाट्याला सहा जण आले: कमांडंट जॉर्ज बेर्जे आणि त्यांचे तीन फ्रेंच सैनिक (मूओ, सिबार आणि अवघा सतरा वर्षांचा लेओस्तिक), ग्रीक लेफ्टनंट कोस्तिस पेत्राकिस आणि जेलिको. ‘ट्रायटन’ या ग्रीक पाणबुडीने त्यांना किनाऱ्याजवळ आणलं. तिथून रबरी होडीने जमिनीवर, मग रात्री चालायचं आणि दिवसा दडायचं. पाठीवर लुइस बाँब. प्लॅस्टिक स्फोटक, थर्माइट आणि तेल यांचा हा गोळा एसएएसच्याच जॉक लुइस यांनी शोधून काढला होता. पेन्सिलीएवढ्या वेळ-फ्यूजवर तो उडायचा आणि फुटता फुटता आगही लावायचा. विमानासाठी याहून नेमकं हत्यार तेव्हा नव्हतं.

१३ जूनच्या रात्री तारेचं कुंपण कापताना जर्मन गस्त जवळ आली. तेव्हा फ्रेंचांपैकी एकाने झिंगून पडलेल्या माणसासारखं जोरात घोरायला सुरुवात केली आणि गस्त पुढे निघून गेली, असं या छाप्याच्या हकिकतींत येतं. आत शिरून त्यांनी युंकर्स-८८ बाँबरांना बाँब चिकटवले. सुमारे वीस विमानं गेली.

परतीचा प्रवास मात्र फसला. दक्षिण किनाऱ्याकडे जाताना जेलिको आणि पेत्राकिस होडीची व्यवस्था पाहायला पुढे गेले, आणि मागे राहिलेल्या चौघांचा ठावठिकाणा एका स्थानिकाने जर्मनांना सांगितला. लेओस्तिक लढताना मारला गेला. बेर्जे, मूओ आणि सिबार पकडले गेले. बेर्जे पुढे जर्मनीत कोल्डिट्झच्या किल्ल्यात कैदी होते. काही महिन्यांनी स्टर्लिंगही कैदी होऊन तिथेच पोचले. सहापैकी दोघेच इजिप्तला परतले. या छाप्यासाठी जेलिको यांना डीएसओ हा लष्करी सन्मान मिळाला.

बाकीच्या तीन विमानतळांची गत विचाराल, तर कास्तेलीला यश आलं, तिम्बाकीचं मैदान रिकामं निघालं आणि मालेमेला विजेच्या कुंपणाने वाट अडवली.

६. त्या छाप्याची किंमत गावातल्या लोकांनी मोजली, हे खरं का?

खरं आहे. दुसऱ्याच दिवशी, १४ जूनला, जर्मनांनी हेराक्लिऑन परिसरातल्या पन्नास लोकांना गोळ्या घातल्या. त्यांत काही ज्यू होते, काही शहरातले प्रतिष्ठित. आधी मारलेल्या बारा जणांसह त्यांची आठवण म्हणून हेराक्लिऑनमध्ये ‘६२ हुतात्म्यांचा मार्ग’ आहे.

या छाप्याची गोष्ट घोरण्याच्या विनोदावर आणि वीस विमानांवर संपवायची सवय अनेक लेखकांना आहे. मला ती पटत नाही. त्या मोहिमेचा हिशेब मांडायचा तर विमानांच्या आकड्याशेजारी हे पन्नास जण लिहिलेच पाहिजेत. क्रीटशी जेलिको यांचं नातं आयुष्यभर टिकलं, आणि ते निव्वळ विजेत्याचं नातं नव्हतं.

७. त्यांची एसबीएस म्हणजे आजची ब्रिटिश एसबीएसच ना?

नाव सारखं, घराणं थोडं वेगळं. आजचं दल रॉयल मरीन्सशी जोडलेलं आहे आणि आपली सुरुवात १९४०मध्ये रॉजर कोर्टनी यांनी घडीच्या होड्यांवर उभारलेल्या पथकापासून मोजतं. जेलिको यांचं दल एसएएसमधून फुटलेलं. जानेवारी १९४३मध्ये स्टर्लिंग ट्युनिशियात पकडले गेले आणि एसएएसचे दोन भाग झाले. एक पॅडी मेन यांच्याकडे गेला. दुसरा, ‘स्पेशल बोट स्क्वॉड्रन’, जेलिको यांच्याकडे. वय पंचवीसही पूर्ण नव्हतं.

तळ पॅलेस्टाइनमध्ये, हैफाच्या दक्षिणेला अथलितला, क्रुसेडरांच्या पडक्या किल्ल्याशेजारी. माणसं साधारण अडीचशे, तुकड्या तीन. तुकड्यांना नावं त्यांच्या प्रमुखांच्या आडनावांची आद्याक्षरं: एल म्हणजे लँग्टन, एम म्हणजे मॅक्लीन (कोणता मॅक्लीन ते प्र. १४मध्ये), एस म्हणजे सदरलंड. एजियन समुद्रात ही मंडळी मासेमारांच्या ‘काईक’ होड्यांतून फिरत. दिवसा तटस्थ तुर्कस्तानच्या खाड्यांत दबा धरायचा, रात्री एखाद्या बेटावर उतरायचं. मूठभर माणसांमुळे जर्मनांना कितीतरी बेटांवर पहारे वाढवावे लागले. मावळ्यांची आठवण येणं साहजिक आहे, फक्त इथे डोंगराच्या जागी समुद्र होता.

८. त्यांनी सरसेनापतीचं पत्र गिळून टाकलं, ही गोष्ट रंगवलेली आहे का?

नाही, ती झालेली आहे. ८ सप्टेंबर १९४३ला इटलीची शरणागती जाहीर झाली. र्‍होड्स बेटावर इटालियन सैनिक होते तीस हजारांहून अधिक, जर्मन सुमारे सात हजार. इटालियन गव्हर्नर ॲडमिरल काम्पिओनी बाजू बदलतील तर बेट फुकटात मिळणार होतं. त्यांना वळवायला ९ सप्टेंबरच्या रात्री जेलिको छत्रीने उतरले. बरोबर दुभाषी मेजर डॉल्बी आणि एक बिनतारी सार्जंट. खिशात जनरल विल्सन यांचं काम्पिओनींना लिहिलेलं पत्र.

उतरताच गोळीबार सुरू झाला. डॉल्बींचा पाय मोडला. गोळ्या झाडणारे जर्मन आहेत असं वाटून, पत्र त्यांच्या हाती लागू नये म्हणून जेलिको यांनी ते तुकडे करून खाल्लं. गोळ्या झाडणारे इटालियन निघाले! तेच मग त्यांना गव्हर्नरांकडे घेऊन गेले.

काम्पिओनींनी साधा सवाल केला: तुमची फौज कधी येणार? खरं उत्तर होतं, लवकर नाही. जर्मनांनी तोवर हल्ला चढवला होता. ११ सप्टेंबरला बेट त्यांच्या हाती गेलं आणि जेलिको इटालियन वेगवान बोटीने निसटले. काम्पिओनींचं नशीब त्याहून वाईट. मुसोलिनीच्या उत्तरेकडल्या राजवटीने त्यांना पुढच्या वर्षी मे महिन्यात देशद्रोही ठरवून गोळ्या घातल्या.

९. र्‍होड्सवर भारतीय फौज उतरणार होती असं ऐकलं. मराठा पलटणीचा काही संबंध?

आठव्या भारतीय डिव्हिजनने र्‍होड्सवर उतरण्याची तालीम केली होती. पण जहाजं दुसऱ्या आघाड्यांकडे वळवली गेली आणि डिव्हिजन सप्टेंबर १९४३मध्ये इटलीला गेली. काम्पिओनींच्या सवालाला जेलिको यांच्याकडे उत्तर का नव्हतं, त्याचं कारण बरंचसं इथे आहे.

याच डिव्हिजनमध्ये इटलीत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन लढली. तिचे नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातले, ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. आता हे पाहा: ८-९ एप्रिलच्याच रात्री, त्याच आघाडीच्या समुद्राकडच्या टोकाला, कोमाक्कियोच्या सरोवरावर एसबीएसचे डॅनिश मेजर अँडर्स लासेन मारले गेले. त्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. जेलिको तेव्हा पलटणीबरोबर नव्हते, सूत्रं सदरलंड यांच्याकडे गेली होती.

१०. लेरॉस बेटावर ते कैद झाले होते ना? मग सुटले कसे?

बोलून. १२ ते १६ नोव्हेंबर १९४३ अशी पाच दिवस लेरॉसची लढाई चालली. शेवटी ब्रिटिश ब्रिगेडियरने शरणागती पत्करली. जेलिको परिस्थिती पाहायला मुख्यालयात गेले तर तिथे जर्मन! त्यांनी जर्मन अधिकाऱ्याला पटवलं की माझी माणसं अजून डोंगरात आहेत, शरणागतीची बातमी मीच त्यांना दिलेली बरी. त्याने जाऊ दिलं. जेलिको माणसांकडे पोचले, त्यांना घेऊन एका होडीत बसले आणि तुर्कस्तानच्या किनाऱ्याला लागले.

दिलेल्या शब्दाचं काय, असंही एकाने विचारलं आहे. बातमी सांगायचं त्यांनी कबूल केलं होतं, आणि ती त्यांनी सांगितली.

११. अथेन्समध्ये ते खरंच सायकलवरून शिरले?

हो. १२ ऑक्टोबर १९४४ला जर्मनांनी अथेन्स सोडलं. जेलिको आणि त्यांचे सहकारी मेजर इयन पॅटर्सन मुख्य फौजेच्या पुढे होते. वाहन नव्हतं, सायकली मिळाल्या, त्यावरून ते शहरात गेले. फोटोला शोभणारी गोष्ट असल्याने तीच सगळ्यांच्या लक्षात राहिली.

त्याआधीचं पात्रास बंदराचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे जर्मनांबरोबर जर्मनांनीच उभारलेली ग्रीक सुरक्षा बटालियन होती. जेलिको यांच्याकडे माणसं थोडी, देखावा मोठा. वाटाघाटी करून त्यांनी त्या ग्रीकांना शस्त्रं खाली ठेवायला लावली आणि एकटे पडलेले जर्मन निघून गेले. दोनच महिन्यांत अथेन्समध्ये ग्रीक ग्रीकांवर गोळ्या झाडू लागले. त्या डिसेंबरच्या लढाईत चौथी भारतीय डिव्हिजनही ग्रीसमध्ये होती.

१२. बाँब लावणारा माणूस एकदम परराष्ट्र खात्यात कसा काय?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न, आणि तो ‘एकदम’ या शब्दापाशी चुकतो, असं माझं मत. वरच्या गोष्टी पुन्हा पाहा. फ्रेंच तुकडीशी जुळवून घेणं, काम्पिओनींना वळवायला जाणं, लेरॉसला जर्मनाला गुंडाळणं, पात्रासला ग्रीकांना शरण आणणं. चारांपैकी एकाही ठिकाणी बंदुकीने निकाल लागला नाही. हाताशी काहीच नसताना समोरच्याशी बोलणी करायची, ही त्यांची युद्धातलीच विद्या. १९४७मध्ये ते परराष्ट्र सेवेत रुजू झाले तेव्हा गणवेश बदलला, धंदा फारसा नाही.

व्यावहारिक कारणंही होती. युद्धाने सहा वर्षं खाल्ली होती, खात्याला माणसं हवी होती, आणि बाल्कन व पूर्व भूमध्य समुद्र पायाखाली घातलेला, फ्रेंच बोलणारा तिशीच्या आतला अधिकारी कुणालाही चालला असता.

१३. वॉशिंग्टनमध्ये ते किम फिल्बीबरोबर काम करत होते. मग त्यांच्यावर संशय कसा आला नाही?

फिल्बी सोव्हिएत हेर आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तो १९४९मध्ये ब्रिटिश गुप्तचर खात्याचा प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनला आला, आणि दूतावासात जेलिको होतेच. बाल्कनचा अनुभव असल्याने जेलिको एका छोट्या गुप्त समितीवर बसत. कम्युनिस्ट अल्बानियात निर्वासितांच्या टोळ्या घुसवून एन्व्हर होजाची राजवट उलथायची, हा त्या समितीचा विषय. टेबलाभोवती चार खुर्च्या: अमेरिकन परराष्ट्र खातं, सीआयए, ब्रिटिश परराष्ट्र खात्याकडून जेलिको, आणि ब्रिटिश गुप्तचरांकडून फिल्बी.

पुढे काय झालं ते सांगायला नकोच. टोळ्या उतरत राहिल्या आणि अल्बानियाचे शिपाई वाट पाहत राहिले. सगळा दोष फिल्बीचा का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. इटली आणि ग्रीसमधल्या निर्वासितांच्या छावण्यांतूनही बातम्या फुटत होत्या, आणि मुळात बेतही कच्चा होता. क्रीटच्या डोंगरात एका फितुराने चार सोबती घालवले हे पाहिलेला माणूस इथे टेबलापलीकडच्या फितुराला ओळखू शकला नाही. पण ओळखलं कुणी होतं?

जेलिको यांच्यावर हेरगिरीचा ठपका कधीही आला नाही. १९५३नंतर तर ते लंडनला खात्याच्या नॉर्दर्न विभागात सोव्हिएत कामकाजच पाहत होते. मधला काळ ब्रुसेल्सच्या दूतावासात गेला.

१४. एसबीएसमधला मॅक्लीन आणि मॉस्कोला पळालेला मॅक्लीन एकच का?

नाही. फिट्झरॉय मॅक्लीन आधी मुत्सद्दी होते. मॉस्कोच्या दूतावासात असताना १९३८चा, स्टालिनच्या राजवटीने बोल्शेविक नेते बुखारिन यांच्यावर चालवलेला खटला त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. युद्धात खातं सोडेना म्हणून खासदारकीला उभे राहिले, त्या कारणाने सुटले, एसएएसमध्ये गेले आणि पुढे युगोस्लाव्हियात टिटोकडे चर्चिल यांचे दूत झाले. म्हणजे जेलिको यांच्या अगदी उलट क्रम. डोनाल्ड मॅक्लीन तो सोव्हिएत हेर; मे १९५१मध्ये गाय बर्जेसबरोबर पळाला. दोघांची आडनावं सोडली तर काही सारखं नाही.

१५. बगदाद करार काय होता, आणि नेहरू त्यावर का चिडले होते?

फेब्रुवारी १९५५मध्ये तुर्कस्तान आणि इराक यांनी संरक्षण करार केला. त्याच वर्षी ब्रिटन, पाकिस्तान आणि इराण त्यात सामील झाले. सोव्हिएत रशियाला दक्षिणेकडून कुंपण घालायचं, हा हेतू. भारताच्या दृष्टीने मात्र या कुंपणाचा खांब पाकिस्तानात रोवला होता. पाकिस्तानला मिळणारी शस्त्रं रशियावर नव्हे, आपल्यावर रोखली जातील आणि शीतयुद्ध दाराशी येईल, असा नेहरूंचा आक्षेप होता. इजिप्तच्या नासर यांचाही या कराराला कडवा विरोध होता.

जेलिको १९५६च्या सुरुवातीला बगदादला या संघटनेचे उपसरचिटणीस झाले. सल्लामसलत, समित्या, पाच देशांचे रुसवेफुगवे. परराष्ट्र सेवेतलं त्यांचं हे सर्वांत वजनदार पद. जुलै १९५८मध्ये इराकमध्ये राजसत्ता उलथली, संघटनेचं मुख्यालय अंकाराला गेलं आणि १९५९पासून तिला सेंटो म्हणू लागले. जेलिको तोवर बाहेर पडले होते.

१६. सुएझ प्रकरणात त्यांनी राजीनामा दिला होता का?

दिला नाही, विचार मात्र गंभीरपणे केला. अरब मित्रराष्ट्राच्या राजधानीत बसून ब्रिटनचा शब्द विकायचा, आणि १९५६च्या शरदात त्याच ब्रिटनने फ्रान्स-इस्रायलशी संगनमत करून इजिप्तवर चाल करायची! बगदादमधलं त्यांचं काम त्याने मातीत गेलं.

१७. मग १९५८मध्ये चांगली चाललेली नोकरी का सोडली?

लग्नामुळे, खरं तर दुसऱ्या लग्नाच्या इच्छेमुळे. पहिलं लग्न १९४४चं. त्यातून चार मुलं. पुढे ते फिलिपा डन यांच्या प्रेमात पडले, आणि पत्नी घटस्फोट द्यायला तयार नव्हती. खात्याच्या वरिष्ठांनी स्वच्छ सांगितलं: ती बाई सोडा किंवा नोकरी सोडा. जेलिको यांनी नोकरी सोडली. फिलिपांशी लग्न व्हायला १९६६ उजाडलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

आज हे विचित्र वाटतं. त्या काळी मात्र घटस्फोट हा परराष्ट्र खात्यात डाग मानला जाई.

१८. ते कोणत्या देशात राजदूत होते?

कुठेच नाही. ‘राजदूत जेलिको’ असा उल्लेख अधूनमधून दिसतो, तो चूक. अकरा वर्षांत ते त्या पायरीपर्यंत पोचण्याआधीच बाहेर पडले.

१९. वडील आणि मुलगा दोघेही ‘फर्स्ट लॉर्ड’ होते असं म्हणतात. एकच पद का?

दोन वेगळी पदं. वडील १९१६-१७मध्ये ‘फर्स्ट सी लॉर्ड’, म्हणजे गणवेशातले नौदलप्रमुख. मुलगा ऑक्टोबर १९६३मध्ये ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ द ॲडमिरल्टी’ झाला, म्हणजे नौदलाचा राजकीय मंत्री, जे पद कधी चर्चिल यांनी भूषवलं होतं. १ एप्रिल १९६४ला ॲडमिरल्टी नव्या संरक्षण मंत्रालयात विलीन झाली आणि जेलिको त्या जुन्या पदावरचे शेवटचे ठरले. इथवर ते कसे पोचले? वंशपरंपरेची जागा कामी आली. १९३९मध्ये घेतलेल्या त्या जागेवरून त्यांनी पहिलं भाषण केलं जुलै १९५८मध्ये, इराकमधल्या उलथापालथीनंतर. ते ज्यात मुरलेले होते तोच विषय.

२०. १९७३मध्ये त्यांना वेश्यांच्या प्रकरणात राजीनामा द्यावा लागला. देशाची गुपितं फुटली होती का?

नाही. प्रकरण मुळात लॉर्ड लँब्टन या एका कनिष्ठ मंत्र्याचं. त्यांचे चोरून काढलेले फोटो वृत्तपत्रांकडे गेले आणि मे १९७३मध्ये त्यांनी पद सोडलं. चौकशीत ‘जेलिको’ हे नाव कागदोपत्री आलं. पंतप्रधान हीथ यांनी विचारलं, तेव्हा जेलिको यांनी आपणही पैसे देऊन अशा स्त्रियांकडे गेलो असल्याचं कबूल केलं आणि २४ मे रोजी राजीनामा दिला. त्या वेळी ते हाउस ऑफ लॉर्ड्सचे नेते आणि कॅबिनेट मंत्री होते.

चमत्कारिक भाग पुढे आहे. कागदांतलं ते ‘जेलिको’ हे माणसाचं नाव नसून लंडनमधल्या एका इमारतीचं असावं, असं नंतर सांगण्यात आलं. ती इमारत गरिबांसाठी घरं बांधणाऱ्या बेझिल जेलिको या धर्मगुरूंच्या नावाची. जेलिको यांचा लँब्टन प्रकरणातल्या स्त्रीशी संबंधच नव्हता. नाकारून मोकळे झाले असते तर कदाचित निभावलं असतं. लॉर्ड डिप्लॉक यांच्या सुरक्षा आयोगाने त्यांच्यामुळे सुरक्षेला धोका झाला नाही, असा निर्वाळा दिला.

लेरॉसला जर्मनाला गुंडाळणारा माणूस आपल्या पंतप्रधानांना गुंडाळायला गेला नाही. त्याला भाबडेपणा म्हणायचं की जात्याच असलेला सरळपणा, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी दुसऱ्या बाजूचा आहे.

२१. त्यानंतर ते अज्ञातवासात गेले का?

मुळीच नाही. साखरेच्या धंद्यातल्या टेट अँड लाइल कंपनीचे अध्यक्ष झाले. १९८२ ते १९९० वैद्यकीय संशोधन परिषदेचे अध्यक्ष. एड्सची साथ आली ती याच काळात. वैज्ञानिक नसूनही १९९०मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो. साउथहॅम्प्टन विद्यापीठाचे कुलपती, रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष. १९८३मध्ये दहशतवादविरोधी कायद्याच्या अंमलाचा आढावाही त्यांनीच घेतला. ग्रीस सुटला नाही: अँग्लो-हेलेनिक लीगचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं, आणि उतारवयात एसएएसच्या माजी सैनिकांच्या संघटनेचंही.

२२. १९९९मध्ये वंशपरंपरागत उमरावांना काढलं. मग ते २००७पर्यंत सभागृहात कसे?

त्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत जागा गेल्या, पण हाउस ऑफ लॉर्ड्सच्या माजी नेत्यांना त्याच वेळी तहहयात पदवी देण्यात आली. जेलिको ‘साउथहॅम्प्टनचे बॅरन जेलिको’ म्हणून नव्याने बसले. ही पदवी त्यांच्याबरोबरच संपली. जुनी अर्लची पदवी २००७मध्ये मुलगा पॅट्रिककडे गेली. तो तिसरा अर्ल, मात्र तिच्याबरोबर सभागृहातली जागा आता मिळत नाही.